वरचा कागद खरा

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून जुनी नोटीस काढून टाकायची पद्धत नव्हती. नवी आली की जुनीच्या अंगावर चिकटवायची. खळ भाताच्या पेजेची. त्यामुळे शेळ्यांचा त्या भिंतीवर डोळा असायचा. खालचे कोपरे त्या खाऊन टाकत, आणि कडेला कागदांचे थर जुन्या वहीच्या पानांसारखे सुटलेले दिसत. घरपट्टी, लसीचा डोस, ग्रामसभा, नहरीचं पाणी, सगळं एकावर एक.

माझ्या बाबांना वाचता येत नव्हतं. मी तिसरी-चौथीत गेल्यापासून ते मला भिंतीपाशी नेत, बोट लावून म्हणत, हा वाच. फाटक्यातून खालचा एखादा जुना कागद डोकावत असला आणि मी हौसेनं तोही वाचायला लागले, की ते मला थांबवत.

"तो मेला. वरचा कागद खरा."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईकडून पहिली, बाबांकडूनही पहिली. असं सांगितलं की काहींना बढाई वाटते. वाटू द्या. सौंदडच्या स्टेशनापर्यंत सायकल, तिथून पॅसेंजरनं तालुक्याचं कॉलेज, असं तीन वर्षं केलं. घरची दोन एकर धानाची जमीन, बाकीचे दिवस आई-बाबा दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणीला. बी.ए. झाले, टायपिंग झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला, आणि दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर तालुक्यातल्या नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, ऑफिसात मला कंत्राटी ऑपरेटरची नोकरी लागली. त्या दिवशी बाबांनी विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि घरी येऊन एकच विचारलं, तिथं बसाले खुर्ची देतेत का. देतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

इटियाडोहासारखं मोठं धरण आमच्या ऑफिसकडे नव्हतं. आमचा आपला एक मधला तलाव, त्याची एक नहर आणि नहरीवर ओळीनं लागलेली गावं. तलावाजवळची गावं म्हणजे हेड, नहर संपते तिथलं गाव म्हणजे टेल. हे दोन इंग्रजी शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतात. हेडवाल्यानं झोपून पाणी घ्यावं आणि टेलवाल्यानं जागूनही घेऊ नये, असं लोक हसून म्हणतात. माझं गाव हेडला होतं.

ऑफिसात कोणत्या गावाला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पाणी, याचा एक तक्ता निघायचा. त्याला म्हणायचं पाणीवाटपाचा कार्यक्रम. तो छापून गावोगाव जायचा, भिंतींवर लागायचा आणि त्याप्रमाणे चौकीदार नहरीची दारं उघडायचे. पूर्वी तो एकाच कागदावर हातानं लिहिलेला असे आणि बडे बाबूंच्या कपाटात लाल कापडात बांधलेल्या फाईलमध्ये राही. ज्याला पाहायचा त्यानं बडे बाबूंना विचारायचं. बडे बाबू म्हणजे आमचे हेड क्लार्क. घरच्या फोनवर पोवारी, आमच्याशी हिंदी, शेतकऱ्यांशी झाडीबोली, आणि कागदावर शुद्ध सरकारी मराठी. चारही भाषांत जीभ सारखीच तिखट. पेन्शन तोंडावर आलेली. वयानं माझ्या दुपटीहून मोठे, पण मला बाई म्हणायचे, आणि त्यात मान किती अन् टिंगल किती हे सांगणं कठीण.

मी लागले त्याच सुमारास नवे साहेब आले. तरुण इंजिनियर. त्यांनी ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर वायरनं एकमेकांना जोडले आणि सगळ्यांसाठी एक फोल्डर केलं. कोणीही कुठूनही उघडावं, कोणीही त्यात ठेवावं. साहेबांना वाटलं, आता कपाट धुंडाळायला नको. झालं असं की ज्याला त्याला आपली प्रत वेगळी ठेवायची सवय, कागदाच्या काळापासूनची. कार्यक्रमात एका गावाची तारीख बदलली तरी बदलणारा ती नव्या नावानं ठेवी. जुनी पुसायचा धीर कोणालाच नाही, सरकारी कागद आहे, उद्या मागितला तर. महिन्याभरात त्या फोल्डरमध्ये 'पाणी फायनल' होती, 'पाणी फायनल नवीन' होती, 'पाणी फायनल साहेब' होती आणि 'पाणी एकदम फायनल' पण होती.

बडे बाबू माझ्या खुर्चीमागं उभे राहून ती नावं वाचत म्हणाले, "ये बी फायनल, वो बी फायनल. तो सेमीफायनल किधर गया, बाई?"

मला गावची भिंत आठवली. मी फोल्डरमधल्या फाईली तारखेनं लावल्या, म्हणजे ज्या फाईलला शेवटचा हात लागला ती सगळ्यांत वर. आणि तिन्ही कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना सांगून टाकलं की नावाकडे बघू नका, वरची फाईल खरी. साहेबांना ते पटलं. बडे बाबूंनी महिनाभर रोज वरची फाईल आणि कपाटातला कागद ताडून पाहिला, फरक निघाला नाही, तेव्हा एक दिवस काही न बोलता कपाट बघायचं सोडून दिलं. त्यांच्याकडून एवढी शाबासकी फार झाली.

दुसरा नियमही माझाच. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंगचा कहर होता. लाईट सांगून जायची आणि न सांगताही जायची. कॉम्प्युटरखाली ठेवलेली बॅटरी कधीच मेलेली. बडे बाबूंनी दोन बोटांनी अर्धा दिवस खपून एक अहवाल टाईप केला आणि लाईट गेली. सगळा अहवाल गेला. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला वाईट वाटलं. मी त्यांना सेव्ह दाबायला शिकवलं. मध्ये मध्ये दाबा, आणि बंद करण्याआधी तर दाबाच, विसरू नका. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावावा तसं फाईलमधून बाहेर पडताना त्यांचं बोट आपोआप सेव्हवर जाई.

दोन्ही नियम चांगले होते. त्यांची एकमेकांशी गाठ पडेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी उन्हाळी धान बरंच लागलं होतं आणि तलावात पाणी बेताचं. नेहमीप्रमाणे हेडपासून टेलपर्यंत असा कार्यक्रम मी टाईप केला. मग टेलच्या गावचे लोक साहेबांना भेटायला आले. त्यांच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष पुढे होते. उंच, वाळका म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. साहेबांना त्यांनी जास्त काही सांगितलं नाही, फक्त बांधीवर चला म्हणाले. साहेब गेले. टेलचं धान पोटरीवर आलेलं, म्हणजे लोंब बाहेर पडायच्या आधी ताटाचं पोट फुगतं तशा अवस्थेत, आणि बांधीला भेगा. तेव्हा पाणी मिळालं नाही तर लोंब बाहेर पडतं, पण पांढरं आणि पोचट. हेडच्या बांध्यांत नहरीचा झिरपा असतो, तिथलं धान आठ-दहा दिवस थांबू शकतं. साहेबांनी परत येऊन क्रम उलटा केला. या वेळी आधी टेल, शेवटी हेड. हिरव्या शाईनं कच्च्या कागदावर सही केली, प्यूननं तो कागद कपाटातल्या फाईलला लावला, मी कॉम्प्युटरवरची फाईल बदलून नव्या नावानं ठेवली, आणि ती सगळ्यांत वर जाऊन बसली. छपाई शनिवारी करायची ठरली. नहरीचं दार मंगळवारी उघडायचं होतं.

शुक्रवारपासून मी सुट्टीवर गेले. चुलत बहिणीचं लग्न होतं.

रविवारी विहारापुढच्या मांडवात लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत दोघातिघांनी बाबांची पाठ थोपटलेली मी पाहिली. मला वाटलं लग्नाचं काही असेल. मग एक काका माझ्याकडे बघून हसत म्हणाले, पोरगी ऑफिसात असली म्हणजे फायदा होतेच, आमच्या बांध्या पहिल्या नंबरवर आणल्या वं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी गेले.

खळ अजून ओली होती. नवा कोरा कागद, आमच्या ऑफिसचा शिक्का, तीच गावं, तेच आकडे. फक्त पहिल्या ओळीत आमचं गाव होतं आणि शेवटच्या ओळीत टेल. जुना कार्यक्रम. मेलेला कागद वर येऊन बसला होता.

पहिल्यांदा टेलची भेगाळलेली बांधी डोळ्यापुढे आली, जी मी पाहिलीही नव्हती. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. टेलच्या गावातही हाच कागद लागला असेल. आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर कोण बसतं, तिचं गाव कुठलं, हे नहरीवरच्या सगळ्या गावांना माहीत होतं. मंगळवारी दार या कागदाप्रमाणे उघडलं की त्या लोकांचं धान जाईल, आणि ते कोणी घालवलं याचं उत्तर त्यांना तयार मिळेल.

साहेबांचा मोबाईल लागेना, म्हणून बडे बाबूंच्या घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. लग्नसराई होती, तेही कुठंतरी पंगतीत असणार.

बाबा माझ्यामागं येऊन उभे होते. मी त्यांना सांगितलं की हा कागद चुकीचा आहे, साहेबांनी बदललेला वेगळा आहे, त्यात आपलं गाव शेवटी आहे. बाबांची दोन एकरंही त्याच पाण्यावर होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं, जसं काही आता ते वाचू शकणार होते.

"वरचाच खोटा?"

मी हो म्हटलं.

"मंग सकाळची गाडी धर," ते म्हणाले, आणि पंगतीत वाढायला निघून गेले.

सोमवारी मी ऑफिसात पोहोचले तेव्हा टेलची माणसं माझ्याआधी येऊन व्हरांड्यात बसली होती. आत बडे बाबूंच्या टेबलापुढे अध्यक्ष. टेबलावर तोच कागद. लाईट नव्हती. साहेब चिचगडकडे जंगलातल्या एका तलावाच्या कामावर गेलेले, तिकडे मोबाईलला रेंज नाही, संध्याकाळी उशिरा परतणार.

बडे बाबू वैतागलेले दिसले. त्यांनी मला सांगितलं की शनिवारी त्यांनीच छापला आणि चौकीदारांच्या हाती गावोगाव पाठवला, वरची फाईल उघडून, जशी मी शिकवली होती तशी. आता हे म्हणतात साहेबांनी वेगळं कबूल केलं होतं. मी म्हटलं, यांचं बरोबर आहे, हा जुना आहे, नवा मीच टाईप केला होता आणि वर तोच होता.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुमचं गाव कोणतं?"

मी सांगितलं.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले.

बस, एवढंच. व्हरांड्यातल्या कोणीतरी आतलं ऐकून बाहेर सांगितलं, आणि बाहेर कुजबुज सुरू झाली. मी सांगायचा प्रयत्न केला की फाईल कोणी हातानं वर ठेवत नाही, कॉम्प्युटरच ठेवतो, ज्या फाईलला शेवटचा हात लागला ती. बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं की हे किती पोकळ वाटतं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं की मग शेवटचा हात कोणाचा लागला. ते मला माहीत नव्हतं. आणि लाईट येईपर्यंत बघताही येत नव्हतं.

आम्ही बसून राहिलो. प्यूननं सगळ्यांना पाणी दिलं. अध्यक्षांनी घेतलं, माझ्याकडे न बघता. त्या वेळात मी मनात बरंच काही पाहून घेतलं. कंत्राट संपायला आलेलं होतं. एक तक्रारअर्ज, आणि पुढचं कंत्राट नाही, चौकशीचीही गरज नाही. घरी गेल्यावर बाबांना खुर्चीबद्दल काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. रडू आलं नाही. रागच आला, पण कोणावर ते कळेना.

दुपारी पंखा फिरायला लागला. मी कॉम्प्युटर सुरू केला. एका बाजूनं अध्यक्ष, एका बाजूनं बडे बाबू, मागं व्हरांड्यातली माणसं. फोल्डर उघडलं. वर जुनी फाईल होती, तिच्याखाली साहेबांनी मंजूर केलेली. जुनीपुढं शनिवारची तारीख आणि सकाळची वेळ. कोणाचा हात, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. आमच्या त्या फोल्डरला माणसं ओळखता येत नव्हती.

बडे बाबू पुढं वाकले. चष्मा वर सरकवून त्यांनी ती वेळ वाचली, परत वाचली. मग चष्मा काढून हातात घेतला. ते गप्प राहिले असते तर मला काहीही सिद्ध करता आलं नसतं. आणि गप्प राहायला त्यांच्याकडे कारण होतं: पेन्शन तोंडावर, सगळं आयुष्य कागद सांभाळण्यात गेलेलं, आणि समोर पंचवीस-तीस वर्षं ज्यांना दरडावलं ते शेतकरी.

"अध्यक्षजी, बाईले काही म्हणू नका," ते म्हणाले. "शनिवारी बाई सुट्टीवर होती. जिल्ह्याले आकडे पाठवाचे होते म्हणून जुनी फाईल मी उघडली. पाहिली, बंद केली. बंद करताना सेव्ह दाबलं. ते माझ्यानं वर आली."

"काही बदलाचं नव्हतं तं दाबलं कायले?"

"आदत."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. माझ्या मागं कोणीतरी हसलं, पण वाईट हसू नव्हतं. मला त्या घडीला बडे बाबूंच्या पायाला हात लावावासा वाटला. नाही लावला. आमच्यात तसलं चालत नव्हतं, त्यांनी टिंगल केली असती.

मी घाईघाईनं दुसरी फाईल उघडून छापायला निघाले, तर त्यांनी माझा हात थांबवला. आता खरी कोणती हे या डब्याला विचारू नको म्हणाले, साहेबाची सही कशावर आहे ते बघू. कपाटातलं लाल कापड त्यांच्या हातानं किती दिवसांनी सुटलं. हिरव्या सहीचा कच्चा कागद त्यांनी हातात धरला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली, मी पडद्यावरची वाचली, आणि प्रत्येक गावाला अध्यक्ष मान हलवत गेले. टेल पहिलं. माझं गाव शेवटचं. ते वाचताना अध्यक्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

सही करायला साहेब नव्हते. मंगळवारी पहाटे दार उघडणार. बडे बाबूंनी पेन काढलं आणि साहेबांच्या नावाखाली 'करिता' लिहून स्वतःची सही ठोकली. मी घाबरून म्हटलं, साहेबांना न विचारता?

"साहेबानं सही केलेलीच हाय. तो कागद खाली दबला होता, मी फक्त वर काढून राहिलो."

छपाईआधी त्यांनी मला खाली एक ओळ टाकायला लावली, यापूर्वीचा कार्यक्रम रद्द. मग चौकीदारांना बोलावून गावं वाटली. प्रत्येकाला बजावलं की जुन्यावर चिकटवायचा नाही. आधी जुना काढायचा, मग नवा लावायचा. चौकीदार एकमेकांकडे बघायला लागले. असं आजवर कोणी केलं नव्हतं. हेडच्या गावाचं नाव आलं तेव्हा कोणी हात पुढं करेना. ज्यांना रविवारी पहिला नंबर मिळालेला, त्यांच्या भिंतीवरून तो खरवडून काढायचा म्हणजे शिव्या खायचं काम.

मी म्हटलं, मी जाते. माझं गाव आहे.

बडे बाबूंनी गुंडाळी माझ्या हातात देताना फक्त एवढं म्हटलं की पेज पातळ ठेवू नको, गळून पडते.

गावात पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं बसलेली होती. बाबांना मी आधी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी आईकडून पेज घेतली, कोपऱ्यातला विळा घेतला आणि माझ्यासोबत चालत आले. भिंतीपाशी आल्यावर त्यांनी विळ्याचं टोक कालच्या कागदाच्या कडेखाली घातलं. तो एकटा निघायला तयार नव्हता. खालचे सगळे थर त्याला धरून होते. बाबांनी जोर लावला तसा कित्येक वर्षांचा तो पापुद्रा एकदम सुटून आला, आणि मागं चुन्याची पांढरी भिंत दिसली. मी ती भिंत कधी पाहिलीच नव्हती.

मी नवा कागद लावला. ओट्यावरच्या काकांनी उठून वाचला, तेच काका ज्यांनी लग्नात कौतुक केलं होतं. वाचून झाल्यावर बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी शिकली, आन गावचं पानी टेलले देऊन आली."

बाबा विळ्याला लागलेली खळ पुसत होते.

"पानी नाही दिलं तिनं. कागद बराबर केला," ते म्हणाले. "तुझी बांधी भेगाळली का? येईल ना मागून."

काका पुटपुटत निघून गेले. पुढचे काही दिवस आईला विहिरीवर टोमणे ऐकावे लागले, ते तिनं मला फार नंतर सांगितलं. बाबा मात्र त्या संध्याकाळी घरी येताना म्हणाले की खालची भिंत चांगली निघाली, कोणीतरी तिला चुना मारला पाहिजे.

मंगळवारी नव्या कार्यक्रमाप्रमाणे दार उघडलं. पाणी टेलपर्यंत जायला वेळ लागतो; नहर कोरडी असली की ती आधी स्वतः पिते. मधल्या दिवसांत साहेबांनी बडे बाबूंना लेखी खुलासा मागितला, सहीचा आणि चुकीच्या छपाईचा. बडे बाबूंनी तो हातानं लिहिला. मी वाचला. त्यात माझा उल्लेख एकाच ठिकाणी होता, की ऑपरेटर त्या दिवशी रजेवर होत्या. साहेबांनी तो वाचून फाईलला लावला आणि विषय तिथंच मिटवला.

एका सकाळी अध्यक्ष आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. बडे बाबूंनी मान वर केली.

"पोहोचलं," अध्यक्ष म्हणाले.

बडे बाबूंनी त्यांना खुर्ची दाखवली, पण त्यांना परत बांधीवर जायचं होतं. निघताना दारालगतच्या माझ्या टेबलापाशी थांबले. थोडं घुटमळले.

"बाई, तुमचं गाव कोणतं ते मी इसरलो," ते म्हणाले, आणि गेले.

त्या हंगामात टेलचं धान झालं. हेडचंही झालं, बाबांचंही. माझं कंत्राट पुन्हा झालं, आणि काही वर्षांनी परीक्षा देऊन मी दुसऱ्या ऑफिसात कायम लागले. तिथंही खुर्ची आहे.

पाणी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बडे बाबू माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते की तुझेच दोन मंत्र आपसात भिडले, आता तिसरा काढ. आम्ही दोघांनी मिळून काढला. फोल्डरमध्ये दोन फोल्डर केली. एक 'चालू', एक 'रद्द'. चालूमध्ये एकच कार्यक्रम राहील. नवा आत आला की आधीचा त्याच वेळी रद्दमध्ये जाईल. फाईलच्या नावातच मंजुरीची तारीख, आणि साहेबांच्या सहीचा कागद पाहिल्याशिवाय चालूमध्ये काही ठेवायचं नाही. फायनल हा शब्द नावात वापरायला बडे बाबूंनी बंदी घातली. कोणी चुकून वापरला तर ते क्रिकेटचा स्कोअर विचारत. आजही मी जिथं जाते तिथं असंच लावते. नव्या ऑफिसात सगळं आता मोठ्या सर्व्हरवर आहे, त्याला कोणी कधी काय उघडलं ते सगळं ठाऊक असतं. तरी नव्या मुलामुलींना मी विचारतेच, सही कशावर आहे.

लोक मला विचारतात तू एवढं नीट कुठं शिकलीस. मी कॉलेजचं नाव सांगते, ते खरंच आहे, त्या कॉलेजचा मला अभिमान आहे. पण चूक आपली असली की ती आपल्या तोंडानं, समोरच्यांच्या देखत, पूर्ण वाक्यात सांगायची, हे मला कॉलेजनं नाही शिकवलं. आणि वरचा कागद खोटा निघाला तर आपल्या बांधीचं पाणी सोडून सकाळची गाडी धरायची, हे वाचता न येणाऱ्या माणसानं शिकवलं. दोघांचं माझ्यावर फार ऋण आहे.

बडे बाबू रिटायर झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, चिवडा-पेढा झाला. सगळे पांगल्यावर ते माझ्या कॉम्प्युटरपाशी आले, जरा उठ म्हणाले. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी फोल्डर उघडलं, मग 'चालू' उघडलं. आत एकच फाईल. तीही उघडली. पावसाळी धानाचा कार्यक्रम होता, साधाच, हेडपासून टेलपर्यंत. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

मग फाईल बंद करायला गेले, आणि त्यांचं बोट सवयीनं सेव्हकडे निघालं. बोट अर्ध्यात थांबलं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि फाईल तशीच बंद केली.

"फक्त वाचलं," ते म्हणाले. "मंग दाबू कायले?"